मुदतीचा रस्ता

“कावेरीताई, मशीन काहून घेईना मला?” आष्टी शाखेतून दस्तगीरभाईंचा फोन होता. “आज बाजारचा दिस हाय, बाहेर लई गर्दी झालीय.”

कावेरीने पडद्यावर पाहिलं. बँकेच्या बीडमधल्या मुख्य संगणकापर्यंत यायचा दस्तगीरभाईंचा रस्ता बंद झाला होता. तिनेच संगणकासाठी लिहिलेल्या स्क्रिप्टने तो बंद केला होता.

बँकेत संगणक आले तरी दस्तगीरभाई हंगामी कारकूनच राहिले. परक्याला अडवणाऱ्या फायरवॉलमधून त्यांना दिलेली वाटही हंगामी, मुदतीची. मुदतवाढीचा कागद संचालकांकडून नेहमी मुदत उलटल्यावर यायचा. कावेरी रोज संध्याकाळी मुदत संपलेल्या वाटा हाताने बंद करायची. दस्तगीरभाईंचं नाव आलं की पुढे सरकायची. कागद येईलच, हे सगळ्यांनाच ठाऊक असायचं.

पण ते आवरून घरी पोचेपर्यंत रुचिका झोपलेली असायची. अंगावरचं लेकरू, दूध दाटून छाती ठणकायची. म्हणून डब्याच्या सुट्टीत एकेक ओळ लिहीत तिने ती स्क्रिप्ट केली. तारीख उलटली की वाट आपोआप बंद. आता ती उजेडी घरी जायची. रुचिका तिला पाहून सगळं अंग हलवून हसायची.

फोन ठेवून ती तिच्या वरिष्ठांकडे, मोहनराव साहेबांकडे गेली. “साहेब, दस्तगीरभाईंचा कागद?”

“येत न्हाई आता. हंगामी माणसं कमी करायचीत. त्याला तोंडावर सांगायला कुणी धजत नव्हतं बघ. तुझ्या स्क्रिप्टनं परस्पर भागवलं. बेस झालं!”

“मी उघडते. आधी त्यांना समोर बसवून सांगा तरी.”

“उघड की. पण एकाला सोडायचं तर सगळं हातानंच कर. बस पहिल्यासारखी, दिवे लागल्यावर बी.”

कावेरी जागेवर आली. आष्टीला फोन लावून म्हणाली, “बघतेय मी, दस्तगीरभाई.” आणि वाट न उघडताच, वेळ झाल्यावर पर्स उचलली. त्या संध्याकाळी रुचिका पोटभर प्याली.

दोन दिवसांनी दस्तगीरभाई स्वतःच आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी.

“दोन दिस लावून बघत व्हतो, ताई. मॅनेजर म्हनला, लाईन गेलीय. काल शिपायानं सांगितलं खरं काय ते.” आवाज चढला नव्हता. “तुमी तरी सांगायचं.”

कावेरीला मान वर करता येईना.

“लेकरू तुमाला वळखाया लागलं का?”

“हो.”

“झालं तर मग.”

त्यांनी पिशवीतून आष्टीच्या संगणकाचं कापडी आवरण काढलं. “आमच्या घरच्यांनी शिवलेलं. धुवाया नेलतं. तिथं धूळ लई बसती, धाडून द्या.”

आवरण टेबलावर ठेवून त्यांनी तळहाताने सुरकुती सारखी केली. मग रिकामी पिशवी नीट घडी घालून खिशात ठेवली आणि जिना उतरले.