दुपारी तीनचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्यात सिमकार्ड नाही, कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेला आहे आणि पाठीवरचं झाकण रबरबँडने धरून ठेवलं आहे. तरी मला भंगार म्हणू नका. गुजरातेतल्या उपलेट्याच्या पटेलांच्या घरात वायफाय कुठे किती पोचतो, हे मोजायचं काम माझ्याकडे आहे. त्या कामात मला जो धक्का बसला, तो स्कूटरवरून पडलो तेव्हाही बसला नव्हता.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथलं मला काहीच आठवत नाही. डोळे उघडले ते भावदीपच्या हातात, त्याच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात. निरालीचे मेंदीचे हात मीच टिपले. पाहुणे म्हणायचे, "वा, काय फोटो येतात याच्यावर!" मीही फुगायचो. मग पडलो, तडा गेला, नवा फोन आला. माझी रवानगी खणात झाली. तिथे सोबतीला संपलेले सेल आणि शिळ्या लग्नपत्रिका. दोन वर्षं कुणी चौकशी केली नाही. वाईट वाटायचं, का नाही वाटणार?

निरालीमुळे मी पुन्हा उजेडात आलो. तिला एका शिकवणीच्या कंपनीत घरबसल्या गणित शिकवायचं काम मिळालं होतं. दुपारी दोन ते चार, समोर पडद्यावर लांबलांबच्या गावांतली आठ मुलं. पहिला महिना कसोटीचा. पालकांच्या तीन तक्रारी आल्या की काम गेलं. ती पाच महिन्यांची गरोदर होती, पण एक दिवसही तिने तास चुकवला नाही. आणि पंधरा दिवसांत दोन तक्रारी आल्या. बाईंचा आवाज तुटतो, चित्र गोठतं.

वायफायवाले परेशभाई सकाळी दहाला आले. त्यांनी माझ्यात मोजणीचं ॲप घातलं. माझा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे चाळीस म्हणजे ठणठणीत, उणे ऐंशी म्हणजे शेवटच्या घटका. मला बैठकीत फिरवलं, स्वयंपाकघरात नेलं, मागच्या खोलीत निरालीच्या टेबलावर ठेवलं. सगळीकडे ठणठणीत.

"भाभी, तुमच्या नेटची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे," परेशभाई हसले.

संध्याकाळी सातला भावदीपनेही मोजून पाहिलं. तेच. "नाचता येईना अंगण वाकडं," तो बायकोला म्हणाला. "मुलांना गणित येत नाही, त्याला नेट काय करणार?"

"अहो, दुपारी तुटतं. दुपारी मोजा ना एकदा."

"दुपारी?" भावदीप तिच्याकडे बघतच राहिला. आमच्याकडे एकला दुकानं बंद होतात ती चारला उघडतात. मधल्या वेळात माणूस झोपतो. दुसऱ्या दिवशी परेशभाईही फोनवर म्हणाले, "भाभी, दुपारी तर आमच्या गल्लीतला कुत्रापण भुंकत नाही. तुम्ही सकाळी बोलवा, पळत येतो."

निरालीने फोन ठेवला. मला खरं सांगायची सवय आहे, मित्रांनो, आणि मी खरंच सांगितलं होतं. तरी तिचा चेहरा पाहून मला चोरट्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिनेच मला हातात घेतलं. पावणेदोनला ॲप चालू केलं, बैठकीतल्या झोपाळ्यावर उशीला टेकवून बसवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. भावदीप वर घोरत होता. मी उणे अडतीसवर सरळ रेघ काढत बसलो.

दोन वाजून दहा मिनिटांनी बा आल्या. बा म्हणजे भावदीपची आई, कंचनबेन. त्या तर यावेळी गाढ झोपलेल्या असायच्या! त्यांच्या एका हातात स्टीलचं ताट, दुसऱ्या हातात पितळेचं मोठं तपेलं. त्यांनी वायफायचा डबा अलगद उचलून ताटात ठेवला आणि त्यावर तपेलं पालथं घातलं.

माझा आकडा उणे शहाहत्तरवर कोसळला. मी हबकलो. बांनी स्टूल ओढलं, एक हात तपेल्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने जपमाळ ओढत बसून राहिल्या. ओरडावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठे आहे? सासू सुनेचं काम बुडवतेय, दुसरं काय समजायचं? तुम्हीही तेच समजला असता.

तीनच्या सुमारास तिचं चित्र पुरतं गोठलं असावं, आतलं दार उघडलं. निराली लगबगीने बाहेर आली आणि जागीच थिजली.

"बा? तुम्ही?"

बांनी हात काढला नाही.

"काम नको होतं तर तोंडाने सांगायचं ना. घरात सगळ्यांपुढे मला खोटं का पाडलंत?"

"नको कोण म्हणतंय?" बा म्हणाल्या. "सत्संगात वाघजीभाईंची सून म्हणाली, या डब्याचे किरण पोटातल्या बाळाला लागतात. मागच्या वेळी मीच तुला हट्ट करून बसने लग्नाला नेलं, बेटा. परत आलो आणि बाळ गेलं. आता कुठल्या तोंडाने सांगू, हे कर नि ते करू नको? म्हटलं, आपणच गुपचूप राखण करावी."

निराली मटकन माझ्या शेजारी बसली. झोपाळा हलला. "बा, बसचा काही संबंध नाही, असं डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या."

"मला वाटलं, माझं मन राखायला म्हणाल्या."

दोन वर्षं त्याच घरातल्या खणात होतो मी. मला काय ठाऊक होतं? काहीच नाही.

निरालीने तपेलं उचललं. माझी रेघ झपकन वर गेली आणि आतून एका मुलाच्या आईचा आवाज लख्ख ऐकू आला. "हॅलो? रोजचंच झालंय हे! आज मी तक्रार टाकतेच."

निराली आत धावली आणि तिच्या मागोमाग बा, तपेल्यासकट. ज्या बा व्हिडिओ कॉलवर परका माणूस दिसला तरी पदर सावरून बाजूला व्हायच्या, त्या थेट पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

"बेन, तक्रार करायची तर माझी करा. कंचन माझं नाव. हे तपेलं मी रोज त्या डब्यावर पालथं घालत होते. ही बिचारी सांगत होती, दुपारी मोजा म्हणून. घरात कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं आणि गप्प बसले."

आठ मुलं आ वासून बघत होती. "बा, पण तपेलं कशाला?" एकाने विचारलं. बांनी निरालीच्या पोटाकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

त्या आईने विचारलं, "कितवा महिना?"

"पाचवा."

"मग तपेलं मोरीत ठेवा बा, आणि बाईंना खुर्ची द्या. उभ्या उभ्या शिकवतायत. तक्रार राहू दे."

गलक्याने भावदीप खाली आला. मला उचलून त्याने ती रेघ पाहिली. "हे रोज होत होतं?"

"मी रोज सांगत होते," निराली म्हणाली.

पुढच्या तपासणीला बा स्वतः बरोबर गेल्या आणि बसचं आणि डब्याचं, दोन्ही त्यांनी डॉक्टरीणबाईंना समोरासमोर विचारलं. परत आल्या त्या दुपारी त्या चारपर्यंत झोपल्या. महिना संपला, निरालीचं काम पक्कं झालं.

पण मित्रांनो, मी अजून सावरलेलो नाही. सकाळी दहाचा माझा आकडा खरा होता, संध्याकाळी सातचाही खरा होता. त्या दोन खऱ्या आकड्यांच्या जोरावर एका खऱ्या बाईला आम्ही तिच्याच घरात खोटं ठरवलं. मला जपा, असं मी म्हणत नाही, माझी बॅटरी आज ना उद्या जाणारच. एवढंच मागतो. कुणी म्हणालं, "मला यावेळी त्रास होतो," तर आपल्या सवडीने मोजून त्याला खोटं पाडू नका. त्याच्या वेळेला जा आणि त्याच्या शेजारी बसून मोजा. आपली झोपमोड झाली तरी चालेल.