झाकणाची फट

"लंबू, पळत ये! आधी हा कागद बघ!"

ताईंची हाक प्रयोगशाळेच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली. सर्व्हरवर ठेवलेला त्यांचा चिटोरा झाकणाच्या कडेला चिकटून फडफडत होता. लंबू आला तो तोंड पाडूनच. तीन वर्षं खपून त्याने बनवलेला एसएसडी ड्राइव्ह याच सर्व्हरमधल्या चाचणीत तापून मंदावला, म्हणून ताईंनी काल नापास केला होता, आणि पाचच्या बैठकीत त्यावर कायमची फुली पडणार होती.

"कागदाचं काय कौतुक, ताई? माझी तर तीन वर्षं पाण्यात गेलीत."

"अरे, झाकणच नीट बसलेलं नाहीये! पंखे ड्राइव्हवरून हवा ओढायची सोडून या फटीतून ओढतायत. मग तो तापणार नाही तर काय?"

परवा केबल तपासायला झाकण ताईंनीच काढलं होतं. घाईत नुसतं वर ठेवलं, खटका दाबायचा राहिला. वीस वर्षं ड्राइव्ह काठोकाठ भरून, त्यांच्यावर हजारो कामं एकदम लादून त्यांचा घाम काढणाऱ्या बाईंच्या हातून हे व्हावं! महिन्यावर आलेली प्रमुखपदाची बढती त्यांच्या डोळ्यांपुढे तरळली. पण बारा वाजत आले होते, रडत बसायला सवड नव्हती. खटका दाबून त्यांनी चाचणी पुन्हा लावली.

काल चौथ्या तासाला वेग निम्म्यावर आला होता. आज पावणेचारपासूनच अर्धी प्रयोगशाळा पडद्याभोवती गोळा झाली.

"वेगाची रेघ सरळ चाललीये! ताई, सरळ!"

"ओरडू नकोस रे, नजर लागेल," म्हणत ताई स्वतःच टाळ्या पिटत होत्या. चार वाजले, सव्वाचार, साडेचार. रेघ जागची हलली नाही. लंबूने गर्दीत उभ्या असलेल्या प्रयोगशाळेच्या साहेबांनाच मिठी मारली. त्यांचा चष्मा खाली पडला तरी ते हसत होते.

मग साहेबांनी ताईंना बाजूला घेतलं. "कालचा अहवाल रद्द करा. कारण लिहा, पंख्यात बिघाड."

"पंखा ठणठणीत आहे, साहेब."

"अहो, तुमची चूक कागदावर आली तर वरचे लोक तुमचं नाव कापतील. कळतंय ना?"

"कळतंय हो. पण उद्यापासून पंखेवाला नसलेला बिघाड शोधत चाळीस मशीन खोलत बसेल, त्याचं काय?"

ती खुर्ची त्यांना हवी होती, अगदी मनापासून. मुलीला फोनवर सांगूनही झालं होतं. त्यांनी लिहिलं: 'झाकणाचा खटका लावला नव्हता. चूक माझी.' खाली सही केली.

लंबू अहवाल घेऊन सुसाट निघाला. दाराशी जाऊन त्याने तो वाचला आणि परत आला.

"ताई, तुम्हीही चला ना बैठकीला."

"मी कशाला? पळ तू, पाच वाजतायत."

तो गेला. ताईंनी खोक्यातून दुसऱ्या कोणाचा तरी ड्राइव्ह काढला आणि त्यावर नंबराची चिठ्ठी डकवली.