जिताड्याची शेपटी

"कोनाला खरा वाटनार नाय, पन सांगते," भीमाबाईने टोपलीवर बर्फ पसरला आणि पनवेलच्या मासळी बाजारातल्या कोळणींचे कोयते थांबले. तिची थाप म्हणजे भरतीची लाट. आली की पायाखालची वाळू घेऊनच जायची.

"जिताडा, माज्या कमरेएवढा! टोपलीत कोंबला तर म्हनतो, म्हातारे, हलू. मी म्हटला, गप रं मेल्या, बाजारात जाऊन बोल. तशी शेपटी फिरवली नि फाडकन गालावर!"

"मंग कुटं हाय तो?" शांतीने विचारलं.

"सोडला पान्यान. येवढ्या ताकदीचा मरद घरान ठेवून करू काय?"

हशा पिकला. भीमाबाईने पदर गालावर ओढला. हसणारं माणूस गालाकडे फार वेळ बघत नाही, हे तिला ठाऊक होतं. हसली नाही ती एकटी हौसा, तिची धाकटी जाऊ.

घरी, मोरा गावात, मिथुन होता, तिचा बत्तीस वर्षांचा लेक. एकेकाळी गप्पा मारता मारता जाळं विणायचा. मग त्याच्याशी भिंती बोलू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी भिंती बऱ्याचशा गप्प झाल्या, पण डोक्यातला धागा काही जुळेना. चहाचं पाणी आटून जायचं आणि हा साखरेचा डबा धरून उभाच. "मावशी, एका वेळी एकच काम सांगा," बाईंनी बजावलं होतं. आठ महिने तिने ते पाळलं. "मिथुन, टोप घे." थांबायचं. "आता पानी भर." पुन्हा थांबायचं.

पण दीर धर्मराज, हौसाचा नवरा, गावकीत बोलून बसला होता, "पुन्ना आयशीवर हात टाकला तर साखळीनं बांदीन." साखळी आणूनही ठेवली होती, नवीकोरी.

आज सकाळी टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. भीमाबाई एका दमात बोलून गेली, "बर्फ फोड, टोपली बांद, कोयता दे, चल बेगीन!"

मिथुन जागच्या जागी गरगरला. "येक सांग! येकच सांग!" ओरडता ओरडता त्याचा हात सुटला.

मग तो स्वतःच बर्फाचा खडा घेऊन आला आणि तिच्या गालाला लावून बसला. पाणी कोपरावरून ओघळलं, बोटं बधिर झाली, तरी "सोड" म्हणेपर्यंत त्याने तो सोडला नाही. ही गोष्ट सांगितली असती तर ती मात्र खरंच कोणी खरी मानली नसती.

"आनि डोले कसे होते जिताड्याचे?" शांतीला अजून हवं होतं.

"लेकरासारके," भीमाबाई बोलून गेली.

हौसा उठली. तिने ओला हात लुगड्याला पुसला, भीमाबाईच्या गालावरचा पदर बाजूला केला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं,

"बाय, जिताड्याचे शेपटीला पाच बोटां कवापासून आली गो?"