दोन ठोके, एक फेरा

संधी मेळाव्यात शिरताच पट्टीच्या अंगावर कुणीतरी पांढरा कोट चढवला आणि हातात निळ्या पाण्याची काचेची नळी दिली. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण लहानपणापासून स्टीलची मोजपट्टी खिशात घालून फिरायची म्हणून घरीदारी सगळे तिला पट्टीच म्हणत. ती बाइंडरची मुलगी. तिला जुन्या, किडीने खाल्लेल्या कागदांवर उपचार करायला शिकायचं होतं, आणि त्याचा निळ्या पाण्याशी काडीचा संबंध नव्हता. तसं तिने फोटोग्राफरला सांगितलंही. तो म्हणाला, "असू दे. जरा यशस्वी हसा."

ती हसली. मग दोन तास भाषणं झाली. अल्पसंख्याकांच्या मुलांपुढे संधींचा सागर पसरलाय, असं एका पाहुण्यांनी सांगितलं. दुसऱ्यांनी त्या सागराचं आकाश केलं. तिसऱ्यांना घाई होती, म्हणून त्यांनी नुसतंच सगळ्यांचं अभिनंदन केलं. कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही. पट्टीने एवढंच टिपून घेतलं की शिष्यवृत्तीचे अर्ज खिडकी क्रमांक चारवर मिळतात. दूरच्या शहरात कागद-जतनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता, तिला तिथे प्रवेशही मिळाला होता. शिष्यवृत्तीचं पत्र महिनाअखेरपर्यंत पोचलं नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

अर्जात अकरा समाजांची नावं छापलेली होती आणि बारावं होतं 'इतर'. पट्टी इतरांतली. तिच्या समाजात सगळी मिळून एकेचाळीस माणसं होती, म्हणजे लग्नाला एक बस पुरायची आणि वर मागची सीट रिकामी राहायची.

खिडकीवरच्या बाईंनी तो आकडा दोनदा वाचला.

"तुम्ही अल्पसंख्याक आहात हे खरं," त्या म्हणाल्या, "पण जरा जास्तच आहात."

अडचण अशी होती की एवढ्याशा समाजाला ना संघ, ना कार्यालय, ना शिक्का. मग ती त्या समाजातली असल्याचा दाखला द्यायचा कुणी? तर समाजातल्या एखाद्या प्रौढ माणसाने, आणि तो अर्जदाराचा नातेवाईक नसावा. पट्टीने सांगून पाहिलं की एकेचाळीसांतले चाळीस तिचे कुणी ना कुणी लागतात आणि एकेचाळिसावी ती स्वतः. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला, आणि पानं उलटता उलटता चौदाव्या कलमाशी त्यांचा चेहरा उजळला. ज्या नातेवाइकाशी संबंध तुटून दहा वर्षं झाली असतील तो नातेवाईक धरला जात नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. फक्त घरी येऊन पडताळणी होणार. बाईंच्या वीस वर्षांच्या नोकरीत हे कलम कुणी वापरलं नव्हतं.

"आहे का असं कुणी भांडलेलं?" त्यांनी मोठ्या आशेने विचारलं.

"आहे ना," पट्टी म्हणाली. "माझा सख्खा काका."

बाबा आणि काका अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण झालं आजोबांच्या कटिंग मशीनवरून. दोघांनाही ते हवं होतं. मशीन होतं बिडाचं, चार माणसांनाही न हलणारं. शेवटी दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली आणि मशीन तिच्या पोटात अर्धं इकडे, अर्धं तिकडे राहिलं. गठ्ठा दाबून धरणारं चाक काकाच्या बाजूला आलं, पात्याचा दांडा बाबांच्या. आता चाक फिरवल्याशिवाय दांडा ओढून उपयोग नाही, आणि दांडा ओढल्याशिवाय चाकाला कुणी विचारत नाही. दोघा भावांनी यावर तोड काढली, तीही न बोलता. बाबा प्लायवूडवर दोन ठोके देत, की काका चाकाला फेरा देऊन गठ्ठा आवळायचा. एक ठोका दिला की सोडायचा. काकाचं काम असलं की तो तीन ठोके द्यायचा आणि बाबा दांडा ओढायचे. अकरा वर्षांत एक पान वाकडं कापलं गेलं नव्हतं. पण विचाराल तर दोघंही शपथेवर सांगायचे की आमचा संबंध नाही.

भांडणातून फक्त पट्टीला सूट होती. ती दोन्हीकडे जेवायची आणि दोन्हीकडे बोलणी खायची.

तिने अर्ज पुढे ठेवला तेव्हा काका पुठ्ठ्याला खळ लावत होता. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. 'सदर कुटुंबाशी माझा कोणताही संबंध नाही', आणि खाली सहीसाठी जागा.

"हे मी तोंडाने शंभरदा सांगेन," तो म्हणाला. "चौकात उभा राहून सांगेन. लिहून कशाला मागतेस?"

पट्टीने महिनाअखेरीचं सांगितलं. काकाने हात धुतले, पुसले, परत धुतले आणि सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली.

पडताळणी साहेब गुरुवारी येणार होते. सोमवारपासून मशीन बंद. त्यावर जुना पडदा टाकून ठेवला होता आणि दोन्हीकडे न कापलेल्या वह्यांचे ढीग वाढत होते. पट्टीने दोघांची वेगवेगळी तयारी करून घेतली. बाबांना भावाचं नाव काढल्यावर कपाळाला आठ्या घालायला शिकवावं लागलं नाही, ते येतच होतं. काका मात्र कच्चा होता. तिचं वय विचारलं की त्याच्या तोंडून जन्माची वेळसुद्धा बाहेर पडायची.

गुरुवारी साहेब आले. बगलेत फायलींचा गठ्ठा, गळ्यात ओळखपत्र, आणि कुणाचीही नाती तुटलेली पाहायची सवय असल्यासारखा शांत चेहरा. आधी ते काकाच्या बाजूला गेले. पट्टी इकडे प्लायवूडला कान लावून उभी होती.

"अर्जदार तुमची कोण?"

काकाने आधी घसा खाकरला. मग म्हणाला, "कुणी नाही."

उत्तर बरोबर होतं, तिनेच पाठ करून घेतलं होतं. तरीही पट्टीला ते लागलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

साहेब इकडे आले, बाबांच्या आठ्यांवर खूश झाले, आणि सगळं आटोपून निघताना त्यांचा गठ्ठा हातातून निसटला. फायली सरकारने नव्या दिल्या होत्या आणि आतले अर्ज जुन्या मापाचे होते. प्रत्येक फाइलमधून बोटभर कागद बाहेर डोकावत होता. त्यांचं लक्ष पडद्याखालच्या मशीनकडे गेलं. जरा एवढे कडेने कापून द्याल का, असं त्यांनी अगदी सहज विचारलं.

बाबांनी नाही म्हणायला हवं होतं. पाठ दुखते म्हणायला हवं होतं. पण वाकड्यातिकड्या कडांचा गठ्ठा समोर आला आणि बाबा नाही म्हणाले, असं पट्टीने जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी पडदा काढला, कागद ठोकून सारखे केले, पात्याखाली सरकवले आणि हात आपोआप प्लायवूडवर गेला. दोन ठोके.

पट्टीने डोळे मिटले. काका, ऐकू नकोस, असं ती मनात म्हणत होती.

पलीकडे चाक फिरलं. एक फेरा, नेहमीसारखा, ना कमी ना जास्त.

कडा सुरेख कापल्या गेल्या. साहेबांनी त्यांवरून बोट फिरवलं, आभार मानले आणि उंबऱ्यात उभं राहून वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. आठ दिवसांनी पत्र आलं. 'दोन ठोके व एक फेरा असा नियमित संपर्क समक्ष आढळून आला. सबब, संबंध शाबूत असल्याने अर्ज अपात्र.' सरकारदरबारी दोन भाऊ पुन्हा भाऊ झाले होते, आणि पोरीच्या शिक्षणावर पाणी पडलं होतं.

बाबांनी त्या दिवशी हात वर केले नाहीत की नशिबाला बोल लावला नाही. ते फक्त उजवा हात मांडीखाली घेऊन बसले. पलीकडून काका दिवसभर खोकत होता, पण ठोका कुणीच दिला नाही. पट्टी कुणावर रागावणार? ज्या दोघांनी वाट लावली होती ते दोघं तिच्यासाठीच पहिल्यांदा सरकारपुढे खोटं बोलले होते, आणि त्यांना ते जमलं नव्हतं. ती दोघांकडेही जेवली नाही आणि दोघांनी बोलणीही ऐकवली नाहीत.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा काकाकडे एका छापखान्याचं घाईचं काम आलं. दोन हजार पुस्तिका, फक्त कडा कापायच्या, उद्या सकाळी प्रकाशन. बाबा दांड्यापाशी उभे राहून तीन ठोक्यांची वाट पाहत होते. ठोके आलेच नाहीत. त्याऐवजी काका रस्त्यावरून वळसा घालून पुढच्या दाराने आत आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या हातात एक पुस्तिका होती.

"दादा," तो म्हणाला, "हे बघ."

मुखपृष्ठावर पट्टी होती. पांढरा कोट, निळं पाणी, यशस्वी हसू. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'अल्पसंख्याक शिष्यवृत्तीमुळे माझं स्वप्न साकार झालं.'

बाबांनी पुस्तिका हातात घेतली, उजेडात धरली. 

"कडेला तीन सूत जास्त सोडलंय," ते म्हणाले.

"तेच म्हणतो मी," काका म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला.

दोघंही म्हणत होते की हे काम परत पाठवायचं, आपण आपल्या हाताने कापायचं नाही.  पट्टीने मोजपट्टी लावून एक प्रत स्वतः कापली, नाकारल्याचं पत्र तिच्या आत घातलं आणि खिडकी क्रमांक चार गाठली.

बाईंनी एका हाताला पुस्तिका ठेवली, दुसऱ्या हाताला फाइल. बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. पट्टीने फक्त विचारलं की यातलं खरं कुठलं. म्हणजे उद्या प्रकाशनाला कुणी विचारलं तर काय सांगायचं ते कळेल.

"फाइल एक आहे," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आणि पुस्तिका दोन हजार."

त्या फाइल घेऊन आत गेल्या. चहा व्हायला लागतो तेवढ्या वेळात परत आल्या तेव्हा साहेबांनी आपल्याच शेऱ्याखाली नवा शेरा मारला होता. 'सदर ठोके यंत्राचे असल्याचे निदर्शनास आले. अर्ज पात्र.' दोन हजार चुका दुरुस्त करण्यापेक्षा एक खरी गोष्ट दुरुस्त करणं केव्हाही सोपं होतं. अशा रीतीने पट्टी गुणवत्तेवर नाही, गरजेवर नाही, समाजावरही नाही, तर हसण्यावर पात्र ठरली.

एकच कागद उरला होता. आईवडील सोडून जवळच्या एका नातेवाइकाने हमी द्यायची आणि खिडकीवर स्वतः हजर राहायचं. दुसऱ्या दिवशी काका धुवट शर्ट घालून आला. पट्टीने वाटेत त्याला चारदा बजावलं होतं की मावशीचे यजमान चालतील, तू येऊ नकोस, तुझी ती सही फाइलमध्येच आहे. काकाने ऐकल्यासारखं केलं आणि चालत राहिला.

बाईंनी वर न बघता विचारलं, "उमेदवार तुमची कोण?"

"पुतणी," काका इतक्या मोठ्याने म्हणाला की रांगेतली माणसं वळली. "माझ्या सख्ख्या भावाची मुलगी."

बाईंनी फाइल मागे उलटली. सातव्या पानावर थांबल्या. तिथे काकाची ती लहानशी सही होती. पट्टीला वाटलं, संपलं. आता सगळं पहिल्या पानावर येणार.

"इथे तर तुम्ही कुणीच नाही म्हणून लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"ते खोटं आहे," काका म्हणाला. "मी खोटं लिहिलं होतं. काय करायचं ते करा, पण आता खरं लिहिणार आहे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. टेबलावर दोघा भावांनी रात्रीतून कापलेल्या पुस्तिकांचा नवा कोरा गठ्ठा होता, कडा एकसारख्या. त्यांनी सातवं पान सावकाश मिटलं आणि एकेचाळिसावं पुढे सरकवलं. नात्याची चौकट दाखवून म्हणाल्या की एका शब्दात लिहा, जागा कमी आहे.

काकाने पेन घट्ट धरलं आणि लिहिलं, 'सख्खा काका, लहानपणापासून'. अक्षरं चौकट ओलांडून पार कागदाच्या कडेपर्यंत गेली. बाई म्हणाल्या, बाहेर गेलं. पट्टी म्हणाली, राहू दे, कापू नका.