अस्वल रडल्यानंतर

वहिनी भरदुपारी आत्याच्या दारात आली तेव्हा तिचा डावा डोळा उघडत नव्हता आणि कानातून रक्त गळत होतं. कडेवर लेक. आत्याचा दादा गॅरेजात गाड्यांचे पोचे ठोकून काढायचा, आणि बायकोवरही त्याचा हात तसाच पडायचा. या खेपेला त्यानं तिचं डोकं चौकटीवर आपटलं होतं. कारण विचारू नका. जेवण गार झालं असेल, नसेलही.

आत्यानं तिला निजवलं, डोळ्यावर बर्फ धरला आणि नेहमीचं पालुपद तयार ठेवलं. दादा रडत येणार, पाया पडणार, मग आत्या म्हणणार, "मनानं वाईट नाही गं तो, चूक पोटात घाल." दर वेळी तिनंच वहिनीला परत धाडलं होतं, आणि वर स्वतःला शहाणी समजत होती.

हे शहाणपण तिला एका कार्टून सिनेमानं दिलेलं. लहानपणी पलीकडच्या खोलीत बाबा आईला बडवायला लागले की दादा कॅसेट लावायचा, आवाज मोठा करायचा आणि बहिणीला कुशीत घ्यायचा. पडद्यावर अस्वल साळिंदराचं घर मोडायचं, त्याला उचलून झाडावर आपटायचं आणि मग ओक्साबोक्शी रडायचं. साळिंदर त्याचे डोळे पुसायचं. तोवर पलीकडे सामसूम झालेली असे. दादा टीव्ही बंद करायचा आणि दोघं आईला पाणी द्यायला धावायची. सिनेमा तिथंच संपतो, अशी दोघांची पक्की समजूत. माफ केलं की माणूस सुधारतो, हा धडा. पुढं आई गेली, आणि बाबा सुधारायचे ते राहूनच गेले.

आज भाची भेदरून गप्प बसली होती, म्हणून आत्यानं मोबाईलवर तोच सिनेमा शोधून लावला. अस्वल रडलं. आत्या उठायला लागली, तर सिनेमा चालूच. दुसऱ्या सकाळी मध कमी पडला म्हणून अस्वलानं साळिंदराचा पाय मोडला. पुन्हा रडलं. पुन्हा मोडतोड. शेवटी साळिंदरानं दार लावून घेतलं, अस्वल बाहेर रडत राहिलं आणि पडदा काळा झाला. अर्ध्या सिनेमाच्या जिवावर तिनं वहिनीला मार खायला लावलं होतं.

तेवढ्यात दार वाजलं.

"बुटके, उघड गं. चुकलं माझं." दादा तिला लहानपणीच्या नावानं हाक मारत होता.

वहिनी लगेच उठून चपला शोधू लागली. "रडतायत ते."

"रडू दे. तू बस."

बाहेर जरा वेळ हुंदके, मग दारावर लाथ. "उघडतेस की तोडू? बायको माझी आहे."

दादानं गॅरेजातला घण आणलाच होता. दोन-चार तडाख्यांत फळी फुटली, भोकातून त्याचा हात आत आला आणि कडी चाचपू लागला. आत्या लोकांचे कपडे इस्त्री करून पोट भरायची. टेबलावरची जड लोखंडी इस्त्री तिनं उचलली आणि त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडलेलं तिला ऐकू आलं. हात तरी कडी सोडेना. तिनं पुन्हा हाणली. रक्त तिच्या तोंडावर उडालं, भाची किंचाळली, आणि हात बाहेर ओढला गेला.

याच हातानं त्यानं लहानपणी तिला कुशीत धरलेलं. तिची त्याच्यावरची माया आटली नव्हती, आणि तिला आता त्या मायेचीच भीती वाटत होती. तिनं पोलिसांना फोन लावला आणि मारहाण, फोडलेलं दार, सगळं सांगितलं.

"कोण मारतंय?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

"माझा सख्खा भाऊ."

"दार तोडतोय अजून?"

"नाही," आत्या म्हणाली. "पण लवकर या. तो रडायला लागलाय."