मॉरीचा उलटा अंगठा

त्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या शिकल्यासवरल्या लोकांना एकाएकी वेड लागलं. कुणी सुपाचे डबे रंगवून भिंतीवर टांगत होतं, कुणी कापडाचा बर्गर शिवून गॅलरीत मांडत होतं, आणि लोक त्यापुढे टोपी काढून उभे राहत होते. याला म्हणे पॉप आर्ट. आम्ही वीस वर्षं हेच करत होतो, तेव्हा हीच मंडळी त्याला कचरा म्हणत.

आम्ही म्हणजे मी आणि मॉरी ब्लॉस्टीन. मॉरी प्रेमकथांची कॉमिक्स काढायचा आणि मी त्याच्या पात्रांची वाक्यं त्यांच्या तोंडाशेजारच्या फुग्यांत लिहायचे. नाव आमच्यातल्या कुणाचंच छापत नसत. मॉरीनेही त्याची कधी खंत केली नाही. पण एके दिवशी जेवताना त्याने एका मासिकात सहा फुटी चित्राचा फोटो पाहिला. फोन कानाला लावून रडणारी मुलगी, आणि खाली चित्रकाराचं नाव, प्रेस्कॉट हेल.

"थेल्मा, हिचा अंगठा बघ," मॉरी सँडविच खाली ठेवत म्हणाला.

हात उजवा आणि अंगठा डाव्या हाताचा. मूळ चित्र आमच्याच एका जुन्या कॉमिकमधलं. आठ पानं शुक्रवारी द्यायची होती, त्या घाईत मॉरीचा ट्रेसिंग पेपर उलटा पडला आणि हात तसाच छापून गेला. संपादकाला दिसलं नाही, मलाही नाही. हेलसाहेबांनी मात्र तो अंगठा भक्तिभावाने जसाच्या तसा मोठा केला होता. त्या अंगठ्यात आजच्या माणसाचं तुटलेपण आहे, असं एका समीक्षकाने लिहिलं होतं.

"तुटलेपण कसलं डोंबलाचं," मॉरी म्हणाला. "शुक्रवार होता."

त्याला एवढंच हवं होतं की गॅलरीत चित्राशेजारी लावलेल्या नावाच्या चिठ्ठीवर आपलंही नाव यावं. बारीक अक्षरात का होईना.

शनिवारी दुपारी आम्ही गॅलरीत गेलो. मालकीण मिसेस लँग्डन हातात वाइनचा ग्लास घेऊन आल्या. मॉरीने जुनं कॉमिक उघडून दाखवलं.

"पण यावर तुमचं नाव कुठंय?" त्या गोड आवाजात म्हणाल्या. "हे कुणीही काढलेलं असू शकतं."

"मी सांगते ना," मी म्हणाले. "फुग्यातली अक्षरं माझी आहेत. तुमच्या या गृहस्थांना ती धड उतरवताही आली नाहीत."

हेल शेजारीच उभा होता. "बाईसाहेब, तुम्ही दोघं कच्चा माल," तो म्हणाला. "डबा कुणी बनवला, हे सूप पिताना विचारता का तुम्ही?"

चोर तो चोर, वर शिरजोर. मी तोंड उघडणार तेवढ्यात मॉरी म्हणाला, "एक कागद द्या. काढूनच दाखवतो."

भोवती माणसं जमली. मॉरीने दोन मिनिटांत मुलगी काढली. केस, अश्रू, फोन, सगळं. मग हात काढला. आणि अंगठा जिथे असायला हवा तिथेच आला. मॉरी चपापला. त्याने शेजारी दुसरा हात काढला, तोही बरोबर आला. तिसऱ्या वेळी त्याने दात-ओठ खाऊन अंगठा उलट्या बाजूला लावला, तर तो हाताला चिकटवल्यासारखा दिसला. वीस वर्षं हात काढलेल्या माणसाला ठरवून चुकता येईना.

"बघा," मिसेस लँग्डन म्हणाल्या. "हे नव्हेच ते."

"मग यांना काढायला सांगा," मी हेलकडे बोट दाखवलं. "इथे, आत्ता."

"मला?" हेल म्हणाला. "मला हात काढताच येत नाहीत."

सगळे कौतुकाने हसले. एकाने तर ते वाक्य वहीत टिपून घेतलं. चिठ्ठीचा विषय तिथेच संपला.

"तुमचा हात मात्र छान आहे हो," मिसेस लँग्डन मॉरीला म्हणाल्या. "पण असलं आता कुणी बघत नाही." आणि हातातला ग्लास त्यांनी त्याच्या कागदावर ठेवला.

मी मॉरीची बाही ओढली. तो हलला नाही. मिसेस लँग्डन ग्लास उचलतील आणि आपल्याला कागद परत नेता येईल म्हणून तो टोपी हातात धरून उभा राहिला. हेलचा आणि त्या बाईंचा आला नव्हता इतका राग मला तेव्हा मॉरीचा आला.