एका चुलीवर दोन गुरमेल

लग्न होऊन पंजाबातल्या मानसाकडच्या त्या गावात आली तेव्हा संतोख कौरचं नाव संतोख नव्हतंच मुळी. ती गुरमेल होती. जन्मल्यावर आजोबांनी तिला गुरुद्वाऱ्यात नेलं, ग्रंथसाहिब उघडला, डाव्या पानावरच्या शबदाचं, म्हणजे भजनाचं, पहिलं अक्षर निघालं गग्गा, आपला ग, आणि आजोबा म्हणाले, गुरमेल. म्हणजे गुरूची गाठभेट. एवढं भारी नाव घेऊन पोरगी सासरी आली, तर उंबऱ्याच्या आत तिच्याआधीच एक गुरमेल कौर बसलेली! थोरली जाऊ.

सासू मोठी फटकळ बाई. लग्नाचे लाडू संपायच्या आत तिने निकाल लावून टाकला. “एका चुलीवर दोन गुरमेल कशा नांदतील गं? मी एकीला हाक मारायची आणि दोघी धावत येणार. किंवा दोघी बसून राहणार, ते तर त्याहून वाईट. थोरली आधी आली, नाव तिचं. तू आजपासून संतोख.”

संतोख म्हणजे संतोष. आहे त्यात समाधान मानून घे बाई! नाव ठेवणारीचं काय जातंय? पण सतरा-अठरा वर्षांची पोर, डोक्यावरची ओढणी हनुवटीपर्यंत ओढलेली, ती काय बोलणार? तिने मान हलवली आणि झाली संतोख, कागदोपत्रीसुद्धा.

त्यानंतर पन्नासएक वर्षं त्या अंगणात रोज तिच्या नावाचा पुकारा व्हायचा. “गुरमेल, म्हशीला पाणी दाखवलंस का?” “गुरमेल, लस्सी आण.” पहिली काही वर्षं ती चुलीपुढून अर्धी उठायची आणि परत बसायची. पुढे उठणं थांबलं, पण तव्यावरची पोळी जरा जास्तच करपायची. आणि स्वतःच्या तोंडाने ते नाव घ्यायची तर सोयच नव्हती. थोरल्या जावेचं नाव धाकटीने घ्यायचं नसतं. ती जावेला भैणजी म्हणायची, जन्मभर.

आता तुम्ही म्हणाल, दोघींचा छत्तीसचा आकडा असेल. छे! थोरली मनाने मोठी. तिला मूलबाळ झालं नाही, संतोखचा लखवीर तिनेच कडेवर वाढवला; तो तिला मोठी बेबे, म्हणजे मोठी आई म्हणायचा. आणि कापूस वेचायला दोघीच शेतात गेल्या, आसपास कुणी नसलं, की ती दोन ओळींपलीकडून हळूच हाक घालायची, “अगं ए गुरमेल!”

“ओ!” संतोख म्हणायची.

“तुझं नाव नीट वापरतेय हं मी. कुठे टाकून देत नाही.”

“वापरा, वापरा. झिजलं तर नवं करून द्या.”

मग दोघी ओढणी तोंडात कोंबून हसायच्या. तेवढं झालं की संतोखला पुढचे कितीतरी दिवस पुरायचं. नवरा गेला, माहेरचा भाऊ गेला, तिला गुरमेल म्हणून ओळखणारी जगात एक जाऊच उरली. आणि गेल्या पौषात तीही गेली. तिच्यासाठी लावलेल्या पाठाचा भोग पडला, पाहुणे पांगले, आणि घरातून ते नावच उठलं. कुणी हाकच मारेना. कुणाला मारणार? आपलं नाव दुसरीला मिळालं हे संतोखने सोसलं होतं हो. पण ते कानावरच पडू नये, हे काही तिला सोसवेना. भाकऱ्या थापता थापता ती थांबायची आणि अंगणाकडे कान लावायची.

फाल्गुनात लखवीरला मुलगा झाला. बाळबाळंतीण सवामहिन्याने गुरुद्वाऱ्यात निघाली तेव्हा संतोख वाटेभर एकच मागणं मागत होती, बाबाजी, गग्गा येऊ दे. मला नको, पोराला दे. नाव घरात फिरतं राहू दे.

ग्रंथीजींनी रुमाल बाजूला केला, ग्रंथसाहिब उघडला आणि वाचलं. शबद संपवून ते म्हणाले, “गग्गा आलाय.”

संतोखने माथा टेकला तो लवकर वर केलाच नाही.

नाव ठरवायला सगळे लंगरच्या ओट्यावर चहा घेऊन बसले. सून किरणपाल आजकालची. ती म्हणाली, “गुरनूर ठेवू. नाहीतर गुरफतेह.”

शेजारची बचनी न बोलावता आलीच होती. ती म्हणाली, “शाळेत प्रत्येक बाकावर एक गुरनूर बसलाय. माझ्याच घरात दोन आहेत. एकाला बदडायला गेलं की दुसरा रडतो.”

 लखवीर म्हणाला, “मोठ्या बेबेचं नाव ठेवू या. गुरमेल. तिने मला पोटच्यासारखं वाढवलं. सिंह लावलं की मुलाचं, कौर लावलं की मुलीचं, नाव तर एकच. गुरमेल सिंह.”

संतोखने हातातला पेला खाली ठेवून दिला. 

किरणपालचे डोळे भरले. “ठेवू की. जुनं वाटतं थोडं, पण मोठ्या बेबेचं आहे.” मग तिला एकदम काही आठवलं. “पण घरात त्या नावाचं हयात कुणी नाही ना? माझ्या माहेरी हयात माणसाचं नाव पोराला देत नाहीत.”

“कुठेच देत नाहीत,” बचनी म्हणाली. “उद्या पोराने अंथरूण भिजवलं तर शिव्या कुणाच्या नावाने घालशील? आणि म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य तुटतं म्हणतात ते वेगळंच.”

“बेबे,” लखवीर आईकडे वळला, “आता तूच मोठी. आपल्यात आणखी कुणी आहे का गं गुरमेल?”

झालं! पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, आणि विचारलं ते असं. जिभेच्या टोकावर आलं होतं. मी आहे रे! तुझी आई गुरमेल आहे, संतोख हे काही माझं नाव नव्हे, ते माझ्यावर लादलेलं नाव आहे. म्हणाली असती तर लेक-सून तोंडात बोट घालून बघत राहिली असती, कुणी सांगावं, एकदा प्रेमाने हाकही मारली असती. आणि मग पोराचं नाव पडलं असतं गुरनूर. तिला बेबे म्हणायचे ते बेबेच म्हणत राहिले असते. आईला का कुणी नावाने हाक मारतं? नाव पुन्हा मुकं झालं असतं, कायमचं.

“नाही,” संतोख म्हणाली. “कुणी नाही.”

“नक्की ना?”

“एकदा सांगितलं ना! चहा प्या, थंड होतोय.”

ग्रंथीजींनी जमलेल्या संगतीसमोर नाव पुकारलं, गुरमेल सिंह. जयकारा झाला. किरणपालने बाळ आणून संतोखच्या मांडीवर दिलं. “बेबे, पहिली हाक तुमची.”

संतोखने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. जे नाव घ्यायला बंदी होती ते जिभेला वळणारच कसं? मग ती म्हणाली, “गुरमेल.” अगदी हळू. मग जरा मोठ्याने, कापसाच्या दोन ओळींपलीकडे ऐकू जावं तशी, “अगं ए गुरमेल!”

“अगं काय, अरे म्हणा!” सगळे हसले. पोरगं गाढ झोपलेलं, त्याने ओठसुद्धा हलवला नाही. आणि संतोखच्या डोळ्यांतून जी धार लागली ती काही थांबेना. ओढणी भिजली, बाळाचं दुपटं भिजलं.

“बघा गं,” बचनी बायांना सांगू लागली, “जावेसाठी एवढं रडणारी मी तरी पाहिली नाही. सख्खी बहीणसुद्धा रडत नाही.”

लखवीर जवळ येऊन बसला. “मोठ्या बेबेची आठवण आली ना गं?”

“हो रे,” ती म्हणाली. आणि त्यात खोटं काही नव्हतं. तिला त्या नावाने हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, ते गेलं. आणि आजपासून अंगणात कुणीही ती हाक घातली तरी ‘ओ’ द्यायचा हक्क मांडीवरच्या त्या मुठीएवढ्या पोराचा होता.